फितीवर न आलेला नकार

मित्रांनो, थोडे जवळ या. काचेला नाक टेकले तरी चालेल, रखवालदार ती रोज सकाळी पुसतो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जाड शब्दकोशाएवढा, राखाडी रंगाचा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. माझ्या पोटात अजून एक कॅसेट आहे आणि पुढ्यात एक पाटी आहे. पाटीचे तोंड तुमच्याकडे असल्यामुळे मला ती कधी दिसली नाही. पण येणारा प्रत्येक जण ती मोठ्याने वाचतो, त्यामुळे मला ती पाठ झाली आहे. 'जुन्या बाजाराने स्थलांतराला दिलेली एकमुखी संमती या यंत्रावर नोंदवली गेली.'

पाटी खोटी नाही. म्हणूनच तिच्यापुढे माझे काही चालत नाही. खोटे असते तर कोणीतरी कधीतरी पकडले असते.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे ओळीने टेबले होती आणि प्रत्येक टेबलावर एक जण माझ्यासारख्यांच्या पोटात एकेक भाग बसवत होता. शेवटच्या टेबलावर एक बाई माझ्या माइकपाशी तोंड आणून "हॅलो, हॅलो, जेवलास का?" असे म्हणाली. ते मी नोंदवले आणि तिला परत ऐकवले. ती हसली, तिने ते शब्द पुसून टाकले आणि मला खोक्यात घातले. माझ्या आयुष्यातले पहिले वाक्य असे गेले.

मी ऐकतो कसे, ते सांगतो. माझ्या माइकमध्ये एक पातळ पडदा आहे. आवाज आला की तो थरथरतो. कॅसेटमधल्या फितीवर गंजासारख्या तपकिरी भुकटीचा थर असतो. लाल बटण दाबले की पडद्याची थरथर विजेच्या रूपाने एका चुंबकापर्यंत जाते, आणि तो चुंबक भुकटीचे बारीक कण आवाजाबरहुकूम वळवून ठेवतो. नंतर ते कण वाचून मी तोच आवाज पुन्हा काढतो. आता नीट लक्ष द्या. लाल बटण दाबलेले नसले, तरी पडदा थरथरतोच. म्हणजे मला ऐकू येतच असते, फक्त फितीवर काही उतरत नाही. आणि जे फितीवर नाही, ते मला बोलता येत नाही.

मला विकत घेतले ते बाईंनी. दुकानात आल्यावर त्यांनी दुकानदाराला पार मागच्या भिंतीपाशी उभे केले, पंखा चालू ठेवायला सांगितला आणि त्याला काहीही बोलायला लावले. तो बिचारा आपल्या सासऱ्यांच्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिला. मग बाईंनी ते परत ऐकले. पंख्याच्या घरघरीतूनही गुडघेदुखी स्पष्ट ऐकू येत होती. "हाच द्या," बाई म्हणाल्या.

बाई राजकीय मानवशास्त्राच्या अभ्यासक होत्या. नाव जड आहे, पण गोष्ट सोपी आहे. तुमच्या घरात खिडकीजवळची जागा कोणाला मिळते? ते कोण ठरवते? ज्याला मिळत नाही तो भांडतो, रुसतो, की गप्प बसून नंतर हळूच जागा पटकावतो? असेच प्रश्न बाई मोठ्या माणसांच्या बाबतीत विचारत. कोणाचे ऐकले जाते, का ऐकले जाते, आणि ऐकायचे नसेल तर माणसे काय करतात, हे त्या बघत. त्यासाठी त्यांनी निवडला होता बसथांब्यामागचा जुना बाजार.

या बाजारात खाण्याचे काही मिळत नसे. तिथे होते दोरखंड, गोणपाट, कुलपे, कंदील, बादल्या, वजनकाटे. वर पत्र्याचे छप्पर, त्यामुळे कोणी बादली आपटली की आवाज तीनदा घुमायचा. बाईंनी पहिल्या दिवशी मला घेऊन सगळा बाजार पालथा घातला आणि बोलणे साफ उतरेल अशी एकच जागा त्यांना सापडली, ती म्हणजे फाटकाजवळचे दोरांचे दुकान. तिथे छतापर्यंत दोरांची वेटोळी रचलेली होती आणि ती आवाजाचा घुमारा पिऊन टाकत. बाईंनी दुकानवालीला विचारले, मी रोज इथे बसले तर चालेल का? ती म्हणाली, बसा, पण गिऱ्हाईक आलं की दोराचं टोक धरावं लागेल.

अशी बाईंची आणि दोरवाल्या ताईंची गाठ पडली. बाई टोक धरत, ताई हात पसरून दोर मापत, आणि मी दोघींच्या मध्ये वेटोळ्यावर बसून ऐकत असे. एखाद्याचे बोलणे बाईंना कळले नाही, तर तो असे का म्हणाला हे ताई समजावून सांगत. कोण कोणाचा साडू, कोणाचे कोणाशी वाकडे, कोणत्या गाळ्याच्या भिंतीवरून दोन भाऊ बोलत नाहीत, हे ताईंशिवाय बाईंना कुठून कळणार? बाजार मला 'बाईंचं बाळ' म्हणायचा. मी वेटोळ्यावरून घसरलो तर चार जण धावायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

बाईंचे आणखी एक सहकारी होते, दूरच्या विद्यापीठातले सर. ते बाजारात कधी आले नाहीत. बाई माझ्या कॅसेटच्या नकला त्यांना पाठवत. ते कानाला हेडफोन लावून त्या ऐकत, मग दोघे मिळून लेख लिहीत. सरांच्या दृष्टीने बाजार म्हणजे मी. माझ्यात होते तेवढे होते, माझ्यात नव्हते ते नव्हतेच.

दर आठवड्याला बाजाराची सभा भरे. वजनकाटे दुरुस्त करणारे दादा अध्यक्ष होते. ते एकेक विषय सांगत, आणि प्रत्येक विषयाला सगळे "हो" म्हणत. कोणी कधी "नाही" म्हणाले नाही. शेवटी दादा म्हणत, "चला, सभा संपली," आणि बाई माझे बटण सोडत. टक.

मग सतरंज्या झटकल्या जात, खुर्च्यांच्या थप्प्या लागत, कप विसळले जात. त्या वेळी मी कोपऱ्यात बंद पडून असे, आणि माझा पडदा थरथरत असे. कारण खरी बोलणी तेव्हाच होत. सतरंजीची दोन टोके धरलेली दोन माणसे घडी घालता घालता सांगत, हे काही जमायचे नाही. कप पुसणारा म्हणे, फाटक लवकर बंद केले तर माझे गिऱ्हाईक जाईल. दादा ऐकत, मान हलवत, आणि पुढच्या सभेत तोच विषय दुसऱ्याच रूपात मांडत. आधी काय ठरले होते, याची आठवण कोणी करून देत नसे. चारचौघांत नकार दिला तर समोरच्याचा पाणउतारा होतो. म्हणून सभेतले 'हो' म्हणजे फक्त 'ऐकले' एवढेच. बाजारातल्या लहान मुलालाही ते ठाऊक होते, म्हणूनच ते कोणी बाईंना सांगितले नाही.

बाई स्वतः कप विसळत. ते बोलणे त्यांच्याही कानावर पडे. पण त्या ते सभेनंतरची कुरकुर समजत. सरांचेही मत तेच होते, फितीवर नाही त्याचा विचार कसा करायचा? पुढच्या सभेत विषय बदलायचा, त्याला दोघांनी नाव दिले होते 'अध्यक्षाची लहर'.

त्यांचे पुस्तक आले. 'या बाजारात एकदा दिलेला होकार मोडत नाही, मोडला तर तो फक्त अध्यक्षाच्या लहरीने मोडतो,' असे त्यात लिहिले होते. पुस्तक गाजले. दूरदूरच्या विद्यापीठांत ते शिकवले जाऊ लागले. त्याच्या आधाराने दुसऱ्यांनी पुस्तके लिहिली, त्या पुस्तकांच्या आधाराने तिसऱ्यांनी. दादांना कोणीतरी त्यातला मजकूर सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मला लहर कधी आली बुवा? घरी बायको आणि इथे हे सगळे. लहर यायला जागा कुठे आहे?" सगळे हसले. बाईही हसल्या.

मग ते पुस्तक शहराच्या कचेरीतल्या साहेबांनी वाचले.

साहेब भले माणूस होते. त्यांना बाजार हलवायचा होता, शहराबाहेरच्या नव्या तीनमजली इमारतीत. लोकांच्या मनाविरुद्ध काही करायचे नाही, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून ते सभेला आले, त्यांनी इमारतीचे चित्र दाखवले आणि सगळ्यांना विचारले. सगळे म्हणाले, "हो." साहेबांनी बाईंकडे त्या कॅसेटची नक्कल मागितली. बाईंनी ती आनंदाने दिली. आपल्या अभ्यासाचा कोणाला उपयोग होतोय, यासारखे सुख अभ्यासकाला दुसरे नसते.

सभा संपली. टक. आणि त्या दिवशी कप विसळताना जेवढे बोलणे झाले, तेवढे मी आयुष्यात ऐकले नव्हते. पण साहेब गाडीत बसून निघून गेले होते.

काही आठवड्यांनी फाटकावर नोटीस लागली. त्या दुपारी ताई पहिल्यांदाच बाईंच्या विद्यापीठातल्या खोलीत आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाणी नको म्हणाल्या.

"बाई, साहेबांनी ते खरंच धरलं हो."

"पण ताई, तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलंत ना?"

"म्हटलं की. घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणणार?" ताई बाईंकडे बघतच राहिल्या. "आणि नंतर सगळे बोललेच की. तुम्ही माझ्या शेजारी कप विसळत होतात. मला वाटलं, तुम्हाला कळतंय. तुम्ही सांगाल साहेबांना."

ताई सांगत राहिल्या. नव्या इमारतीत दोरांची ओझी वरच्या मजल्यावर कोण चढवणार? बसमधून उतरलेला माणूस फाटकाशी दोर बघतो आणि घेतो, तिकडे शहराबाहेर कोण फिरकणार? आईच्या वेळेपासूनचे दुकान. दुसरे काही येत नाही.

ताई गेल्यावर बाईंनी कपाटातल्या कॅसेट काढल्या. एकेक माझ्यात घातली आणि फक्त शेवट ऐकला. "चला, सभा संपली." टक. दुसरी. "चला, सभा संपली." टक. प्रत्येक कॅसेट त्याच जागी संपत होती. मित्रांनो, मी त्या वेळी काय काय सांगू शकलो असतो. सतरंजीच्या घड्या, विसळलेले कप, सगळे माझ्या कानांत होते. पण माझ्या तोंडून बाहेर पडत होते ते एवढेच, 'टक'.

बाईंनी सरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले की पुस्तक मागे घेतले तर त्यावर उभे राहिलेल्या सगळ्यांचेच काम डळमळेल, आणि कशाच्या जोरावर घ्यायचे? नकाराचा एक तरी शब्द फितीवर आहे का? बाई म्हणाल्या, नाही. मग सर म्हणाले, विचार कर. त्यांचेही चुकत नव्हते. बाई स्वतः आपल्या विद्यार्थ्यांना हेच शिकवत आल्या होत्या.

नोटिशीवरची शेवटची सुनावणी कचेरीच्या दालनात झाली. लाकडी खुर्च्या, मध्ये लांब टेबल, चहाचे कप. बाजारातले सगळे अंग चोरून बसले होते. साहेबांच्या सांगण्यावरून बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि ती कॅसेट लावली. मी ऐकवले. हो. हो. हो. माझा आवाज इतका स्वच्छ होता की मलाच त्याची चीड आली. मग बाईंनी माझ्यात कोरी कॅसेट घातली आणि सुनावणी नोंदवायला लाल बटण दाबले.

साहेबांनी पुन्हा विचारले, कोणाची हरकत? सगळ्यांनी दादांकडे पाहिले. दादा उठले. "साहेब म्हणतात ते योग्यच आहे," ते म्हणाले. आणि मागून पुन्हा तोच होकार आला. ताईंचाही आला. मान खाली घालून, पण आला. चारचौघांत बसवून विचारले, तर त्यांच्याजवळ दुसरे उत्तरच नव्हते. माझी फीत आणि त्यांची रीत, दोन्हीकडून दार बंद होते.

तेव्हा बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, ही टेप खरी आहे. माझं पुस्तक चुकलं आहे."

दालनात कोणी कप खाली ठेवत होते, त्याचा हात तसाच राहिला. साहेबांनी विचारले, मग यांचा नकार कुठे आहे? बाई म्हणाल्या, माझ्याकडे नाही. दाखवता येणार नाही. तुम्हाला थोडे थांबावे लागेल.

"कशासाठी?"

"खुर्च्या उचलायला."

साहेबांना वाटले, आपली थट्टा चालली आहे. खुर्च्या उचलायला शिपाई आहेत, असे ते म्हणाले. बाई म्हणाल्या, शिपायांना आज घरी जाऊ द्या. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि समोरची फाइल मिटली. शेवटी म्हणाले, सुनावणी संपली.

बाईंचा अंगठा माझ्या लाल बटणावर होता. मला तो अजून जाणवतो. बटण दाबलेलेच ठेवले असते, तर नकार फितीवर आला असता. सर मानले असते, पुस्तक पुराव्यासह सुधारता आले असते, कोणी बोट दाखवू शकले नसते. पण यंत्र चालू आहे हे दिसत राहिले असते, तर ती सभाच राहिली असती. बाईंनी बटण सोडले. टक. मग त्यांनी कप गोळा करायला घेतले.

थोडा वेळ नुसता खुर्च्यांचा आवाज. साहेब अवघडून उभे होते. इतक्यात ताईंनी टेबलावरच्या लांब कापडाचे एक टोक उचलले आणि दुसरे कोणी धरेना, म्हणून सहज साहेबांच्या हातात दिले. आपसूक त्यांनी ते धरले.

"साहेब, इमारत चांगली आहे हो तुमची," ताई घडी घालत म्हणाल्या. "जिना पण छान आहे. फक्त आम्ही काही तिकडं येणार नाही."

साहेबांच्या हातातले टोक सुटले नाही. त्यांनी विचारले, मग मघाशी का नाही बोललात?

"मघाशी तुम्ही अध्यक्ष होतात," ताई म्हणाल्या. "आता कापड धरून उभे आहात. जरा ताणून धरा, सुरकुती पडतेय."

मग एकेक जण बोलू लागला. कुलूपवाला बोलला, कंदीलवाली बोलली. दादा कप पुसत म्हणाले की सभेत मी हो म्हणालोच आहे, त्यात बदल नाही, पण कप पुसताना माझे मत विचाराल तर ते वेगळे आहे. साहेबांना हसू आले. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि खुर्च्यांच्या थप्प्या लागून गेल्या तरी कोणी जागचे हलले नाही.

हे सगळे मी ऐकले. टेबलाच्या कडेला, बंद अवस्थेत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्यात नाही.

बाजार हलला नाही. साहेबांनी नोटीस मागे घेतली आणि छपराचे गळके पत्रे तेवढे बदलून दिले. बाईंनी दुसरे पुस्तक लिहिले, या वेळी ताईंच्या जोडीने. ताई आधी तयार नव्हत्या. म्हणाल्या, माझं नाव कशाला, मी तर नुसती बोलले. बाई म्हणाल्या, मीही नुसतं ऐकलंच आहे. मग दोघींची नावे छापली गेली. सरांनी त्यासाठी प्रस्तावना लिहून दिली नाही. पण पुढे एकदा ते स्वतः बाजारात आले, ताईंच्या दुकानात दोराचे टोक धरून उभे राहिले आणि जाताना दोर विकत घेऊन गेले. त्यांना दोराचा काय उपयोग, ते मला माहीत नाही.

दुसरे पुस्तक फारसे कोणी वाचले नाही. पहिले अजून शिकवले जाते. इतक्या पुस्तकांनी त्याचा आधार घेतला होता की ते मागे घेणे बाईंच्याही हातात उरले नव्हते. बाई गेल्यावर विद्यापीठाने त्यांच्या कामाचे हे दालन उभारले. भिंतीवर त्यांची कीर्ती किती देशांत पोचली त्याचा नकाशा आहे. पाटी लिहिणाऱ्याने पहिले पुस्तक उघडले, माझ्यातली कॅसेट ऐकली आणि ऐकले तेच लिहिले. दुसरे पुस्तक शेजारच्याच कपाटात आहे. मधे फक्त एक भिंत आहे.

आता माझी अवस्था सांगतो. मी पूर्ण दिसावा म्हणून त्यांनी मला सेल घालून ठेवले आणि मग पेटीला कुलूप लावले. सेल जुने झाले की फुटतात, आतला द्रव झिरपतो आणि पांढरी भुकटी तारांवर चढते. ती आता माझ्या चुंबकाच्या दिशेने सरकते आहे. रबराचा पट्टा वितळून चिकट झाला आहे. बाहेरून मी चकचकीत आहे. येणारे सगळे म्हणतात, किती छान जपून ठेवलाय.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून टिकत नाहीत. त्या उघडाव्या लागतात, आतून बघाव्या लागतात, त्यांच्यातले संपलेले सेल काढावे लागतात. माणसांच्या शब्दांचेही तसेच आहे. कोणी तुम्हाला 'हो' म्हणाले, तर ते घेऊन लगेच पळू नका. थोडे थांबा. पसारा आवरायला हात लावा. त्याला अजून काही सांगायचे असेल.

तुम्ही आता बाहेर जाल. दारापाशी तुम्हाला विचारतील, कसे वाटले? मी काचेआड आहे. मला दोन्ही ठाऊक आहे, होकारही आणि नकारही, पण बोलता येतो तो एकच. तुम्हाला दोन्ही बोलता येतात. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला तेवढे सांगाल का, की आधी सेल काढा, आणि मग ती पाटी?